मोठी स्कूटर घाटासाठी घ्यायची की हायवेसाठी?

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. आधी तो थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल आणि माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला सांगता येईल. तुम्ही साताऱ्यात राहता, पन्नाशी उलटलीय, उंची पाच फूट चार इंच. घरी दहा वर्षांची ११० सीसी स्कूटर आहे. नोकरी कराडला. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही एकटे गाडीवर जाता, बाकीचे दिवस एसटीने. रविवारी वहिनींना घेऊन सज्जनगड, कास, कधी ठोसेघर. त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या गाडीवर एका बाजूला बसतात. कोरेगावच्या बाजूला थोडी शेती आहे, तिथे अधूनमधून पेंडीचं किंवा खताचं पोतं न्यावं लागतं. जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची, ऑनरोड पावणेदोन लाखांपर्यंत जायचं, आणि यामाहाची एरॉक्स १५५, हिरोची झूम १६०, टीव्हीएसची एनटॉर्क १५० की सुझुकीची सव्वाशे सीसीची बर्गमन यांत सहा महिने झाले तरी ठरत नाहीये. मुलगा म्हणतो इलेक्ट्रिक घ्या, मित्र म्हणतो पुण्याहून जुनी तीनशे सीसी आणा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘घाटात दम टाकणार नाही अशी मोठी गाडी कुठली?’

मी साताऱ्यातच गॅरेज चालवतो. पूर्वी गियरच्या गाड्या जास्त यायच्या, आता निम्म्याहून अधिक काम बिनगियरच्या गाड्यांचं असतं. तुमच्यासारखा विचार करणारी माणसं गॅरेजवर कायम येतात आणि जवळजवळ सगळे याच शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतात. मीही तिथूनच सुरू करतो, कारण सहा महिने न सुटलेला गुंता तिथेच आहे.

घाट चढायला मोठं इंजिन लागतं ही समजूत फार पक्की आहे. आपण हिशोबच करू. गाडी ११० किलोची, दोघं मिळून १४० किलो, एकूण २५० किलो. कासच्या वाटेवरच्या यवतेश्वर घाटात शंभर मीटरला सात मीटर चढ धरा आणि ताशी ४० चा वेग धरा. हे वजन वर उचलायला साधारण अडीच पीएस (पीएस म्हणजे ताकदीचं माप, जवळपास एक हॉर्सपॉवर) ताकद लागते. त्यात वारा, टायरचं घर्षण आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणाऱ्या बेल्टमध्ये वाया जाणारी ताकद मिळवली तरी पाच पीएसच्या आसपास भागतं. सव्वाशे सीसीची बर्गमन ८.७ पीएस देते. म्हणजे घाटात दोघांना घेऊन चाळीसने चढताना तिच्याकडे बरंच शिल्लक असतं. एखाद्या अवघड वळणानंतर पुन्हा वेग घ्यायला थोडा उशीर लागेल, पण ती दम टाकणार नाही.

मग तुमची ११० का दमते? दहा वर्षांच्या गाडीत बहुतेक वेळा इंजिनाचा दोष नसतो. बेल्ट झिजलेला असतो, तो घसरतो. व्हेरिएटरमधले, म्हणजे वेगाप्रमाणे गियर आपोआप बदलणाऱ्या भागातले, रोलर एका बाजूने चपटे झालेले असतात, ते जागेवर सरकत नाहीत आणि चढाला हवा तसा गियर मिळत नाही. क्लचचे शू काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. नवीन गाडीचा विचार बाजूला ठेवून एकदा डाव्या बाजूचं कव्हर उघडून घ्या. सर्वसाधारणपणे वीस ते चोवीस हजार किलोमीटरला बेल्ट बदलायचा असतो, आणि तुमचा शेवटचा कधी बदलला ते तुम्ही लिहिलेलं नाही. ही गाडी पुढे कशाला लागणार आहे ते खाली सांगतो.

आता हायवे. इथे चित्र पूर्ण उलटं आहे. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी ६० वरून ८० वर गेलात तर वेग फक्त एक तृतीयांशाने वाढतो, पण हवेसाठी लागणारी ताकद जवळपास २.४ पट होते. माझा अंदाज असा, की तुम्ही एकटे ७५ ने चाललात तर सव्वाशे सीसीच्या गाडीची सत्तर टक्के ताकद तिथेच खर्च होते. नागठाण्याच्या, उंब्रजच्या उड्डाणपुलाचा चढ आला किंवा समोरून वारा सुटला की उरलेलीही संपते. गाडी चालत राहते, पण तुमच्या मुठीत पिळायला काही उरत नाही. नेमकी त्याच वेळी मागून कंटेनर येतो आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर असतो. हंगामात शेंद्र्याच्या अजिंक्यतारा कारखान्याकडे, पुढे यशवंतनगरच्या सह्याद्रीकडे जाणाऱ्या ट्रॉल्या तुम्ही रोज बघता. त्यांच्या मागच्या बाजूला दिवा असतोच असं नाही. अशा ट्रॉलीला मागे टाकायला पाच सेकंद लागतात की दहा, हा फरक इंजिनाचा आहे आणि जिवाशी निगडित आहे.

म्हणून मोठं इंजिन तुम्हाला कराडच्या रस्त्यासाठी हवंय, कासच्या घाटासाठी नाही. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, आठवड्याला तीनशे. एवढ्या हायवेला १५०-१६० सीसी घेणं ही चैन अजिबात नाही. पण त्याहून पुढे जायची गरजही नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. आणि शेंद्र्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाच्या कामाने जे वळणरस्ते आणि सर्व्हिस रोड पदरात टाकलेत, तिथे ८० सुद्धा कुणी धरू नये. ११० ने पळणारी गाडी तुम्हाला नको. ७५ ने निवांत चालणारी आणि गरज पडली तर थोडं आणखी देणारी हवी.

घाटाचं म्हणाल, तर घाट चढताना नाही, उतरताना परीक्षा घेतो. ह्यावर थोडं जास्त लिहितो, कारण शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही आणि पावसाळ्यात याच्या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडे येतात.

बिनगियरच्या गाडीत क्लच हाताने दाबायचा नसतो, तो फिरण्याच्या जोरावर आपोआप पकडतो. तुम्ही वेगात असताना मूठ सोडलीत तर चाक उलटं इंजिनाला फिरवत राहतं आणि थोडा इंजिन-ब्रेक मिळतो. पण वळणावर वेग दहा-पंधरापर्यंत खाली आला की क्लच सुटतो. तिथून पुढे मूठ बंद ठेवून उतरत राहिलात तर गाडीने पुन्हा वेग घेतला तरी क्लच आपणहून पकडत नाही, कारण इंजिन मंद गतीवरच फिरत असतं. गाडी मोकळी सुटलेली असते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उपाय सोपा आहे: वळण संपलं की किंचित मूठ द्यायची, क्लच पकडल्याचं जाणवलं की सोडायची. इंजिनाचा थोडा अडसर परत मिळतो. यवतेश्वर उतरताना, वाई-पाचगणीचा पसरणी घाट उतरताना हे करून बघा, फरक लगेच कळेल.

तरीही गियरच्या मोटारसायकलइतका अडसर यात कधीच मिळत नाही. म्हणून ब्रेक महत्त्वाचे. तुमच्या यादीतल्या चारही गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहे. १२५ च्या वरच्या गाड्यांना कायद्याने एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे, त्यामुळे एरॉक्स, झूम आणि एनटॉर्क १५० ला पुढच्या चाकाचं एबीएस मिळतं. बर्गमनला दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस आहे. धुक्यात, ओल्या रस्त्यावर, शेवाळलेल्या वळणावर अचानक गाय समोर आली तर पुढचं चाक न अडकणं फार मोलाचं असतं. ह्या एका गोष्टीसाठी मी १५०-१६० च्या बाजूला झुकतो. मात्र कुठलीही गाडी घ्या, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर तापून ब्रेक मऊ पडतो. आपल्याकडे हे ऑइल बदलायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं.

चाकाचा मुद्दा लोक दिसण्यापुरता बघतात. एरॉक्स आणि झूम १६० ला दोन्हीकडे १४ इंची चाकं आहेत, एनटॉर्क १५० ला १२ इंची. साध्या बर्गमनला पुढे १२ आणि मागे १०, ईएक्स नावाच्या प्रकारात मागेही १२. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबर वरखाली हलतं. ते सगळं वजन शॉकअपच्या खाली असल्यामुळे मागचा दणका मोटारसायकलपेक्षा जास्त बसतो. त्यात चाक लहान असलं की खड्ड्यात खोल उतरतं. म्हणून साधी बर्गमन मी तुमच्या यादीतून आताच काढतो. घ्यायचीच तर ईएक्स. आणि हे लक्षात असू द्या की बर्गमन अंगाने मोठी असली तरी तिचं इंजिन सुझुकीच्या अ‍ॅक्सेस १२५ च्याच घरातलं आहे. २०१८ मध्ये ती आली तेव्हा तिचा घेर बघून अनेकांनी इंजिनही मोठं समजून घेतली. शहरासाठी आणि आरामासाठी गाडी चांगली आहे, पण तुमचा कराडचा रस्ता तिचं काम नाही.

इथवर बघितलं तर गोष्ट सोपी दिसते: हायवेला ताकद हवी, उताराला एबीएस आणि मोठं चाक हवं, म्हणजे एरॉक्स किंवा झूम. कागदावर माझंही हेच उत्तर असतं. पण तुमच्या प्रश्नात वहिनी आहेत आणि पोतं आहे.

आधी वहिनी. एरॉक्स आणि झूम ह्या गाड्यांची मागची सीट उंच असते आणि गाडीचा मधला भाग रुंद. पाय दोन्हीकडे टाकून बसणाऱ्या तरुण माणसाला ती सीट आवडते. एका बाजूला बसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला मात्र तिथे चढताना एका पायावर सगळा भार घ्यावा लागतो, आणि बसल्यावर दोन्ही पाय ठेवायला नीट आधार मिळत नाही. लांबच्या रस्त्यावर पाय लोंबकळले की कंबर दुखते. त्याहून मोठी अडचण तोल जाण्याची. एका बाजूला बसलेलं माणूस डावीकडे वजन टाकतं, आणि सीट जितकी उंच तितकं ते वजन गाडीला जास्त ओढतं. बोगद्यातून सज्जनगडाकडे निघालात की वळणावळणाला तुम्हाला हँडल सावरत बसावं लागेल. साडीचं गार्ड आणि बाजूचा पायदान नीट बसवून मिळतो का, तेही बघायचं. सीटखालच्या दांड्याला कसंबसं जोडलेलं पायदान चालणार नाही.

वहिनींना पाय दोन्हीकडे टाकून बसता येतं का, हे विचारायला संकोच करू नका. माझ्या गॅरेजवर येणाऱ्या बऱ्याच बायका सलवार-कमीज घालून तसं बसू लागल्यात आणि त्यांना ते सुरक्षितही वाटतं. पण गुडघा दुखत असेल तर पाय पलीकडे टाकणं हाच मोठा त्रास असतो. हे त्यांचं त्यांनाच ठरवू द्या. आणि त्यासाठी त्यांना शोरूमला घेऊन जा. तुम्ही एकट्याने जाऊन टेस्ट राइड घेतलीत तर तुम्हाला १४ इंची चाकं आवडणार हे नक्की, आणि घरी आणल्यावर वहिनी म्हणणार, ‘मी एसटीने येते.’ असं झालेली दोन-तीन घरं माझ्या ओळखीत आहेत. गाडी उत्तम आहे, पण रविवारी ती दारातच उभी असते.

आता पोतं. एरॉक्स आणि झूम ह्या दोन्हीत पाय ठेवायच्या जागेच्या मधोमध उंचवटा असतो. एरॉक्सची पेट्रोल टाकी तिथेच आहे. त्या उंचवट्यामुळे चेसिस ताठ राहते, वेगात गाडी स्थिर वाटते, पण सपाट फूटबोर्ड नाही. सीटखालची डिकी एरॉक्सची २४.५ लिटर आहे, त्यात हेल्मेट आणि थोडी भाजी जाईल, पेंड नाही. एनटॉर्क आणि बर्गमनला सपाट फूटबोर्ड आहे. तिथे अर्धं पोतं ठेवता येतं. पन्नास किलोचं पूर्ण पोतं ठेवलं की पाय बाहेर काढून चालवावं लागतं आणि हँडल वळताना गुडघ्याला अडतं, तसं कुणीही करू नये.

वजन आणि उंचीबद्दलही सांगतो. सीटची उंची एरॉक्सची ७९० मिलिमीटर आणि बर्गमनची ७८०, म्हणजे फरक फक्त एका सेंटिमीटरचा. पण सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीपर्यंत पूर्ण पोचत नाहीत. पाच फूट चार इंचाला हे जाणवतं. एरॉक्स १२६ किलो, झूम १४० किलोच्या आसपास, एनटॉर्क १५० सुमारे ११५ किलो. चालताना हे वजन तुमच्या मदतीला येतं, ट्रक शेजारून गेला तर गाडी कमी हलते. पण सातारा गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय. राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे येणाऱ्या गल्ल्यांत गाडी उताराकडे तोंड करून लावली की निघताना ती चढावर मागे ओढावी लागते. २५ किलोचा फरक तिथे कंबरेला कळतो. तुमच्या घरासमोरचा रस्ता कसा आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सपाट असेल तर हा परिच्छेद विसरून जा.

तुमच्या मुलाचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. घाटासाठी इलेक्ट्रिक खरोखर चांगली आहे. चढताना पहिल्या क्षणापासून ताकद मिळते, आणि उतरताना मोटर डायनॅमोसारखी चालून वीज परत बॅटरीत घालते, म्हणजे जो अडसर पेट्रोल स्कूटरमध्ये पुरेसा मिळत नाही तो इथे आपोआप मिळतो. सातारा ते कास साधारण पाचशे मीटरची चढण आहे. दोघांसह गाडी तेवढी वर न्यायला सपाट रस्त्यापेक्षा जवळपास अर्धा युनिट वीज जास्त लागते. त्यातली थोडी उतरताना परत येते. तीन-साडेतीन युनिटच्या बॅटरीला हे काहीच नाही, कास करून सहज घरी याल. शिवाय एथर रिझ्तासारख्या गाडीला सपाट फूटबोर्ड आहे, सीटखाली ३४ लिटरची डिकी आहे आणि लांब, सपाट सीट आहे. एका बाजूला बसणाऱ्याला अशी सीट सगळ्यात सोयीची.

अडचण पुन्हा कराडचीच आहे. ६०-६५ च्या वेगाने हायवेला किलोमीटरमागे ३५ ते ४० वॉट-तास धरा. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला साडेतीन ते चार युनिट. बाजारातल्या ३.७ युनिटच्या बॅटरीची ती सीमाच आहे, आणि बॅटरी जुनी झाली की सीमा अलीकडे येते. कंपनीने जाहीर केलेला रेंजचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो, तो हायवेच्या वेगाचा नसतो. तुमच्या कराडच्या ऑफिसात दिवसभर गाडी लावायला सावलीतली जागा आणि तुमच्या हक्काचा प्लग असेल, तर मात्र सगळं बदलतं. आठ तासांत गाडी आरामात भरते. नसेल तर रोज चार्जर शोधत फिरणं तुम्हाला ह्या वयात जमेल, पण आवडणार नाही.

मित्राच्या जुन्या तीनशे सीसीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. भारतात खऱ्या अर्थाने मोठ्या स्कूटर फार कमी आल्या. बीएमडब्ल्यूची सी ४०० जीटी २०२१ मध्ये आली तीच दहा लाखांच्या घरात. होंडाची फोर्झा ३०० मोजकीच आली. अशा गाड्या चालवायला सुंदर असतात यात वाद नाही. पण साताऱ्यात त्यांचा बेल्ट, रोलर, मागचा टायर, साधं प्लास्टिकचं पॅनल काहीही दुकानात मिळत नाही. मागवायचं, थांबायचं, आणि तोवर एसटी. स्कूटरचा बेल्ट तुटला की गाडी जागेवर थांबते, ढकलण्याशिवाय इलाज नसतो. आठवड्याला तीनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे सुटे भाग तुमच्या गावात मिळायलाच हवेत. पैशाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे तुमच्या बजेटात नवी १५०-१६० सीसी बसते. रोड टॅक्स आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरून ऑनरोडचा आकडा लिहून घ्या, शोरूमच्या फलकावरचा नको.

आता जुन्या गाडीबद्दल. ती एक्स्चेंजला देऊ नका. दहा वर्षांच्या ११० सीसीचे शोरूमवाले जे देतील त्यातून तुमच्या निर्णयात काही फरक पडणार नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे तिची पाच वर्षं अजून बाकी आहेत. बेल्ट, रोलर, क्लच शू, मागचे ब्रेक शू, दोन टायर एवढं करून घ्या. ती शेतावर जाईल, पोतं नेईल, बाजारात उभी राहील, ओरखडा पडला तर तुमचा जीव खाली-वर होणार नाही. विमा आणि पीयूसी तेवढी चालू ठेवा. एका गाडीकडून पोतं, हायवे, घाट आणि वहिनींचे गुडघे हे सगळं मागत होतात म्हणून सहा महिने ठरत नव्हतं. पोतं जुन्या गाडीकडे गेलं की सपाट फूटबोर्डची अट उरत नाही. उरतो फक्त मागच्या सीटचा प्रश्न, आणि तो मला इथे बसून सोडवता येत नाही.

तो असा सोडवा. एरॉक्स, झूम आणि एनटॉर्क १५०, तिन्ही शोरूमना वहिनींना बरोबर न्या, आणि त्या रविवारी जे नेसून येतात तेच नेसून येऊ देत. गाडी मेन स्टँडवर नसताना, तुम्ही पाय टेकून धरलेली असताना त्यांना चढायला-उतरायला सांगा. एकदा चढून भागत नाही, दोन-तीनदा. दुखरा गुडघा दुसऱ्या वेळेला बोलतो. मग समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे जा आणि परत या, चढही मिळेल, उतारही, खडबडीत रस्ताही. शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आणतात, तेवढ्यावर समाधान मानू नका. परत आल्यावर गाडी उतारावर उभी करून एकट्याने मागे ओढून बघा. मेन स्टँडला लावून बघा. पाऊस असेल तर आणखी चांगलं.

वहिनी एरॉक्स किंवा झूमवर निर्धास्त बसल्या तर त्या दोनांतली घ्या. दोघींतला माझा कल असा: तुमच्या घरापुढे चढ असेल तर एरॉक्स, कारण ती साधारण १५ किलोंनी हलकी आहे आणि इंजिन २०२१ पासून आपल्याकडे चालत आलेलं, ओळखीचं झालेलं आहे. रस्ता सपाट असेल तर झूम, तिची टाकीही मोठी आहे. एरॉक्सची ५.५ लिटरची टाकी कराडच्या दोन फेऱ्यांनंतर भरावीच लागते. दोन्हीत रेडिएटर आहे, त्यामुळे कूलंटची पातळी बघायची सवय लावून घ्या. हायवेच्या कामाची धूळ त्याच्या जाळीत आणि बेल्टच्या एअर फिल्टरमध्ये बसते. तो फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला उघडून दाखवायला सांगा.

वहिनी या दोन्हींवर बसायला कचरल्या तर हट्ट करू नका, एनटॉर्क १५० घ्या. १३.२ पीएस ताकद कराडला पुरेशी आहे, एबीएस आहे, गाडी हलकी आहे, इंजिन हवेवर थंड होणारं म्हणजे देखभाल कमी. चाक १४ ऐवजी १२ इंची आहे हे तेवढं सोसावं लागेल. ते टायरमधली हवा नेहमी योग्य ठेवून आणि सर्व्हिस रोडवर वेग आवरून सोसता येतं. ह्या वर्णनावरून मला वाटतंय की तुमचा शेवट बहुधा इथेच होईल.

दोन गोष्टी कळवल्यात तर मी उत्तर बदलायला तयार आहे. नोकरी किती वर्षं उरली आहे? दोनच वर्षं असतील तर त्यानंतर हायवे संपतो, आणि मग बर्गमन ईएक्सचा आराम तुम्हाला जास्त वर्षं उपयोगी पडेल. आणि कराडच्या ऑफिसात प्लग आहे का? असेल तर वहिनींना घेऊन चौथ्या, म्हणजे इलेक्ट्रिकच्या शोरूमलाही जा, आणि तिथेही त्यांना दोन-तीनदा चढून-उतरून बघू द्या.